बेताचा वेग

“तुमची फटफटी किती पळते?” हा प्रश्न विद्यार्थिवर्गाकडून आम्हांस वारंवार विचारला जातो, परंतु “तुम्ही ती किती पळविता?” असे अद्याप कोणी विचारलेले नाही. वास्तविक हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर कारखानदाराच्या पुस्तिकेत मिळते. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने आपली पाठ, मनगटे, डोळे व मागे बसलेले माणूस यांचा सल्ला घेऊन शोधावयाचे असते. आणि ते शोधण्यास आम्हांस तीन वर्षे व या जिल्ह्यातील बहुतेक सर्व मोठे रस्ते लागले.

वाहनांच्या बाबतीत आमचे नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) मागासलेले आहे असे कोणी समजू नये. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था येथेच आहे. १९७२ साली निघालेली लूना ही ५० घनसेंटिमीटरची चिमुकली गाडीही येथील कायनेटिकच्या कारखान्यात तयार होत असे. लूनावर बसणाऱ्यास वेगाचा प्रश्नच पडत नसे, कारण त्याचे उत्तर गाडीच देऊन टाकी. आमची गाडी पडली बुलेट, सुमारे ३५० घनसेंटिमीटरची व एकाच सिलिंडरची. तिच्यापाशी शक्ती शिल्लक असते, म्हणूनच विचार करणे भाग पडते.

प्रथम यंत्राचे ऐकावे. एका सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्याची ये-जा एकटीच चालते. तिचा तोल सांभाळण्यास दुसरा जोडीदार नसतो. त्यामुळे वेग एका मर्यादेपलीकडे गेला की हँडलास व पायटेकणीस बारीक कंप सुटतो. आमच्या गाडीत तो ७५ च्या आसपास सुरू होतो. दहा मिनिटे तो सुसह्य असतो. तासाभराने बोटांस मुंग्या येतात, आणि ब्रेकची गरज ज्या बोटांस लागावयाची तीच बधिर होऊन बसतात. ६५ वर मात्र इंजिनाचा ठोका एकसारखा व गोड पडतो, आरशातील मागची मोटार स्पष्ट दिसते. आरसा थरथरू लागून तीतून एकाच्या दोन मोटारी झाल्या की मूठ सैल करावी, ही आमची साधी कसोटी आहे.

नंतर वाऱ्याचे. पदार्थविज्ञानाच्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांनी येथे जागे व्हावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ८० वर जाताना वेग एकतृतीयांशाने वाढला, पण वाऱ्याचा रेटा सुमारे पावणेदोनपट झाला, आणि त्याशी झगडण्यास लागणारी शक्ती तर २.३७ पट झाली. ही शक्ती पेट्रोलातून येते, आणि तो रेटा छातीस व मानेस सोसावा लागतो. आषाढात नगरच्या उघड्या माळावरून पश्चिमेचा वारा आडवा येतो, तेव्हा तर गाडी सरळ ठेवण्यातच निम्मे श्रम खर्ची पडतात.

एवढे करून वाचते काय? नगरहून शिर्डी सुमारे ८५ किलोमीटर आहे. सबंध रस्ता ८० ने जाता आला तर ६४ मिनिटे लागतील, ६० ने ८५. अंतर पडले २१ मिनिटांचे. परंतु राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर ही गावे, गतिरोधक व आठवड्याचा बाजार यांतून जाणाऱ्यास त्यातील फारतर सात-आठ मिनिटे पदरी पडतात. तेवढा वेळ आम्ही उसाचा रस पिण्यात घालवितो.

कायद्याने वरची हद्द आखून दिलेली आहेच. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीस ८० ची व इतर रस्त्यांवर ६० ची कमाल मर्यादा आहे. तीही कमी करण्याचा अधिकार राज्यास आहे. आमच्या जिल्ह्यातून, कोपरगाव तालुक्यातून, समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पण त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. आम्हांस त्याचे दुःख नाही. ज्या रस्त्यावर चहाची टपरी नाही त्यावर फटफटीने जाण्यात स्वारस्य ते काय!

परंतु आमच्या वेगाचा खरा निकाल लावला तो मातोश्रींनी. महिन्यातून एकदा त्यांस प्रवरासंगमास आपल्या बहिणीकडे जावयाचे असते. एस. टी. त त्यांच्या गुडघ्यांस जागा पुरत नाही, म्हणून त्या आमच्या मागे बसतात. एकदा घोडेगावच्या पुढे त्या म्हणाल्या, “अरे, मी बोललेलं तुला ऐकू येईनासं झालं की मी समजते, गाडी जास्त पळते आहे.” हे मोजमाप आम्ही काट्याशी ताडून पाहिले. ५५ पर्यंत त्यांचे वाक्य शिरस्त्राणातूनही पुरते कानी पडते. ६५ ला निम्मे वाऱ्यावर जाते. ७० च्या पुढे केवळ खांद्यावरील हाताची पकड कळते. तेव्हापासून एकटे असता दुभाजकाच्या रस्त्यावर ६५, इतरत्र ५५ आणि मातोश्री मागे असता सर्वत्र ५५ असा आमचा नेम आहे. त्या वाटेवर वडाळा लागते. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८३१ साली नगरास आली, आणि पुढे याच वडाळ्यास राहिलेले रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. त्या काळचा प्रवास बैलांच्या पावलांनी होई. तितके पक्षी ५५ ने दिसत नाहीत हे खरे, पण तारेवरचा नीलकंठ तरी ओळखू येतो.

अंधार पडल्यावर हेही आकडे निरुपयोगी ठरतात, आणि उसाच्या हंगामात तर विशेषच. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध मनुष्याचाही एक सेकंद जातो. तो धरून, कोरड्या रस्त्यावर व उत्तम ब्रेक असता, ८० वरून थांबण्यास सुमारे ६३ मीटर लागतात, ६० वरून ४० व ५० वरून ३०. दिव्याचा खाली टाकलेला झोत मात्र सुमारे ५० मीटरच उजेड देतो. म्हणजे रात्री ८० ने जाणारा मनुष्य जे अद्याप दिसलेले नाही त्याच्या अंगावर चाललेला असतो. गेल्या माघात प्रवरासंगमाहून परतताना वडाळ्याच्या अलीकडे आम्हांस हे कागदावाचून पाहावयास मिळाले. काटा ५० वर होता. उजेडात एकाएकी उसाची भिंत उभी राहिली. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. ब्रेक लागला, गाडी सरळ राहिली, आणि ट्रॉलीतून लोंबणारी वाढी आमच्या दिव्यापासून चार-पाच हातांवर हलताना दिसली. मातोश्रींची पकड खांद्यावर तशीच होती. आम्ही बाजूने पुढे निघालो.

घोडेगावी चहा घेत असता तोच ट्रॅक्टर येऊन टपरीपाशी उभा राहिला. चालक विशीतला मुलगा होता. मातोश्रींनी त्यास जवळ बोलावून चहा देवविला व मागे दिवा का नाही असे विचारले.

“आजी,” तो बशीत चहा ओतीत म्हणाला, “दिवा कशाला? मी तर हळूच चालवतो की.”