न वापरलेला टॉवेल

आई पहाटे पावणेपाचला उठली आणि अंधारात बादली शोधायला लागली. हॉटेलच्या खोलीत.

मी दिवा लावला. "झोप गं. इथलं पाणी जात नाही."

"माहितीये. एकोणीस वर्षं हॉटेलात काढलीत मी. पण डोळा उघडतो, त्याला काय करू?"

घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर आमच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं आणि दीड तासात जातं. टेकडीवरची घरं रंगवल्यापासून मेट्रोतले लोक आमचे फोटो काढतात. त्यात निळी पिंपंही येतात. ती रंगकामातली नाहीत.

आई अंधेरी पूर्वेच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होती. दिवसाला चौदा खोल्या. एवढे पलंग लावले, पण झोपली एकावरही नाही. ती निवृत्त झाल्यावर मी बोनसमधून एका रात्रीची खोली बुक करायचं ठरवलं. तिच्याच हॉटेलात चल म्हटलं, तर म्हणाली, "तिथे मला पाहुणी कोण म्हणेल? कुणीतरी हातात चादर देईल."

मग दुसरं शोधलं, आणि शोधताना 'इको-फ्रेंडली' या शब्दावर अडकले. मी स्टीलची बाटली घेऊन फिरणाऱ्यांतली आहे, त्यामुळे हिरवं पान दिसलं की बोट आपोआप तिकडे जातं. पण या पानांचं काही खरं नसतं. बुकिंग डॉट कॉमने हॉटेलांना दिलेला शाश्वत प्रवासाचा बिल्ला 2024 मध्ये बंद केला, कारण तो ग्राहकांची दिशाभूल करू शकतो, असं नेदरलँड्सच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेचं म्हणणं पडलं.

खरं उदाहरण आपल्या उपनगरातच आहे. विलेपार्ल्याला विमानतळाजवळचं ऑर्किड. शाळेत असताना विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' वाचलं होतं. तेव्हा लक्षात राहिली ती जिद्द. आता पुन्हा वाचायला घेतलं ते पाइपांसाठी. आजूबाजूला कुणी 'इको' हा शब्दही वापरत नव्हतं, त्या नव्वदच्या दशकात त्यांनी हे पंचतारांकित हॉटेल उभारलं आणि इकोटेल प्रमाणपत्र मिळवणारं ते आशियातलं पहिलं ठरलं. सांडपाणी शुद्ध करून एसीला आणि झाडांना. फर्निचरसाठी कापसाच्या काड्यांपासून केलेलं लाकूड. खोलीत एक हिरवं बटण, ते दाबलं की एसीचं तापमान हळूहळू वर चढतं आणि वीज वाचते. म्हणजे पाहुणा झोपला तरी हॉटेल आपलं काम करत राहतं. मला हे आवडलं. माणसाच्या चांगुलपणावर सगळं सोडलेलं नाही. त्या तारखेचा दर मात्र माझ्या बोनसला झेपला नाही.

आम्ही गेलो ते मधल्या दर्जाचं. नाव सांगत नाही, कारण तशी पन्नास असतील. बाथरूममध्ये कार्ड होतं : टॉवेल टांगून ठेवलात तर आम्ही धुणार नाही, पृथ्वी वाचवू या. 'ग्रीनवॉशिंग' हा शब्द 1986 मध्ये अशाच कार्डांवर चिडलेल्या जे वेस्टरव्हेल्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने काढला, हे मी आईला सांगितलं. तिने ऐकलं आणि पलंगाखाली हात फिरवून धूळ पाहिली.

मग तिची तपासणी सुरू झाली. किल्लीचं कार्ड काढलं की दिवे जातात का? जातात. पण फ्रिज? तो चालूच. शॅम्पू भिंतीवरच्या डब्यात, हे बरं. पाणी मात्र प्लास्टिकच्या दोन बाटल्यांत. खिडकीतून खाली पाहून म्हणाली, "ओल्या कचऱ्याचं काय करतात, ते मागच्या दाराला गेल्याशिवाय कळायचं नाही." 2017 मध्ये महापालिकेने रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हा तिच्या हॉटेलात खतखड्डा झाला होता. त्यात काय पडतं ते आईला तोंडपाठ होतं.

आणि टॉवेलचंही. कार्डाप्रमाणे तिने एकदा टांगलेला टॉवेल तसाच ठेवला. पाहुण्याने टांगला होता खरा, पण संध्याकाळी त्याचीच तक्रार आली : खोली नीट केलेली नाही. आईला मेमो मिळाला. तो अजून घरी पत्र्याच्या डब्यात आहे, माझ्या दहावीच्या मार्कशीटखाली. त्या दिवसापासून ती कार्ड पुसून सरळ ठेवायची आणि टॉवेल न बघता ट्रॉलीत टाकायची. "मी खोटं बोलत नव्हते. कार्ड बोलायचं," ती म्हणाली. हे मला तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं.

तिचं माहेर शहापूर तालुक्यातलं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा त्याच तालुक्यातल्या भातसा धरणातून येतो, आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच कितीतरी गावपाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. मामी अजून डोक्यावरून आणते. साधा शॉवर दहा मिनिटं चालला तर शंभरेक लिटर जातं, आपल्या पाच-सहा बादल्या. त्या पहाटे आईने नळ सोडला, त्याखाली हात धरला आणि लगेच बंद केला. आंघोळीला तिने कचऱ्याची रिकामी बादली घासून घेतली. मी शॉवर घेतला होता, तीही पंधरा मिनिटं. तेव्हा ती काही बोलली नाही.

निघताना ट्रॉलीवाली मुलगी दारात आली. विशीतली असेल. आईने घरून आणलेला पंचा वापरला होता. हॉटेलच्या टॉवेलची घडी मोडलेली नव्हती.

"हा ठेव गं. हात लावलेला नाही."

"मावशी, चेक-आउटला सगळं काढावंच लागतं. सुपरवायझर बघतो."

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग टॉवेल उचलून स्वतःच ट्रॉलीत ठेवला, वरून सारखा केला, आणि तिला उशीचा अभ्रा एका झटक्यात कसा चढवायचा ते दाखवलं. मी बॅग धरून उभी.

अंधेरीहून मेट्रो धरली. मरोळ गेल्यावर आईने पर्स उघडली. आत ते पृथ्वी वाचवण्याचं कार्ड.

"आई!"

"मागची बाजू कोरी आहे," ती म्हणाली. "वाण्याची यादी होईल. पेन आहे का?"