भंगारातली जीप आणि कार्यानुभवाचा तास

"गाडी कोण बनवतं?" असं वर्गात विचारलं की मुलं कंपन्यांची नावं सांगतात. त्यांना देवराष्ट्रे गावची गोष्ट जरूर सांगा.

कडेगाव तालुक्यातलं हे गाव म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाची इच्छा पुरी करायला भंगारातले भाग जमवून छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. सुरू कशी होते? मोटारसायकलसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही.

पण गोष्ट इथंच थांबवू नका. ही गाडी नियमात बसत नाही, हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं. तयार गाडीत मनासारखे बदल करायलाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. असं का, यावर मुलांना बोलू द्या. रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव असतो, हे त्यांना पटकन कळतं.

आपल्या तासगावात द्राक्षबागेचे ब्लोअर दुरुस्त करणाऱ्यांची मुलं आपल्याच वर्गात बसतात. वाचताना अडखळणारा पोरगा सायकलची उतरलेली चेन चुटकीसरशी बसवतो. कार्यानुभवाच्या तासाला एक मोडकी सायकल आणा अन् त्यालाच पुढं बोलवा. मग काय काय केलं, ते चार ओळींत लिहायला सांगा. सांगण्यासारखं काही असलं की पोरं लिहितात.

आणि पालकहो, हात काळे करून घरी आला तर ओरडू नका. आधी विचारा, "काय दुरुस्त केलंस रे?"