त्रिशंकूचे दिवस

आजारी माणसाला जगात मान असतो आणि निरोगी माणसाला काम असते. या दोहोंच्या मध्ये जो लोंबकळत राहतो, त्याच्या वाट्याला केवळ उपदेश येतो. गेले चार महिने माझा मुक्काम या त्रिशंकूच्या लोकांत आहे. तेव्हा तेथील हवापाण्याविषयी मी थोडे अधिकाराने बोललो तर वाचकांनी रागावू नये.

डहाणूहून नरपड, चिखले, घोलवडवरून बोर्डीपर्यंत समुद्राच्या सोबतीने सायकल हाकणे हा माझा पहाटेचा परिपाठ होता. रविवारी पूर्वेस वळून मी तलासरीकडच्या चढउतारांशी झुंजत असे. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचे हे वेड पाहून काहींना हसू येई. परंतु माझ्यापुढे 200 किलोमीटरांची ब्रेव्हे होती. हे अंतर साडेतेरा तासांत तोडावयाचे. त्यात पहिला-दुसरा असे क्रमांक नसतात. माझ्या वयाला शोभेल अशीच ही महत्त्वाकांक्षा नव्हे काय?

ऐन तयारीत चिकुनगुन्याने गाठले. या रोगाची साथ प्रथम 1952 साली, आज टांझानिया म्हणतात त्या देशात ओळखली गेली. नावही तेथल्याच माकोंडे भाषेतले, आणि त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’. इतके अन्वर्थक नाव क्वचितच आढळावे! ताप आठवड्याभरात गेला. पण जाताना हा पाहुणा आपले सामान माझ्या मनगटांत, घोट्यांत व गुडघ्यांत ठेवून गेला. सकाळी मूठ वळत नाही. सायकल चालते पायांनी, पण थांबते हातांनी. आणि जी थांबवता येत नाही तिच्यावर बसू नये, एवढे व्यवहारज्ञान प्राध्यापकालाही असते.

सरावाचे शास्त्र बेरजेचे आहे. या आठवड्यात चाळीस, पुढल्या आठवड्यात पन्नास. रेंगाळलेल्या दुखण्याला ही बेरीज मुळीच ठाऊक नाही. सोमवारी बरे वाटले म्हणून जरा अधिक चालावे, तर मंगळवारी ते व्याजासह वसूल होते. डॉक्टर म्हणतात, “कमी होईल, तारीख मात्र विचारू नका.”

स्नेही मला मार्क कॅव्हेंडिशची कथा ऐकवतात. 2017 मध्ये एप्स्टाइन-बार विषाणूने त्याला निकामी केले, तरी 2021 मध्ये त्याने ‘तूर द फ्रान्स’चे चार टप्पे जिंकले व 2024 मध्ये पस्तिसावा टप्पा जिंकून विक्रम केला. कथा खरी आहे. परंतु सांगणारा 2017 वरून 2021 वर एका उडीत येतो! मधली वर्षे त्या बिचाऱ्याला एकेक सकाळ करून काढावी लागली, आणि पुढे विजय आहे असे त्याला कोणीही लिहून दिले नव्हते. शिवाय 2021 मध्ये तो छत्तीस वर्षांचा होता. चोपन्नाव्या वर्षी माणूस जेव्हा वाट पाहतो, तेव्हा दुखणे ओसरण्याआधी वयच पुढे निघून जाईल की काय, ही धास्ती त्याला पडते.

शेजारच्या चिकूच्या वाडीतला एक वारली गडीही याच साथीत सापडला. फळे उतरवताना लांब बांबू वर धरावा लागतो. सारा भार मनगटांवर येतो. तिसऱ्या आठवड्यात तो कामावर हजर! मी विचारले तेव्हा तो म्हणाला की दुखते तर आहेच, पण घरी बसून काही कमी दुखत नाही. यास धैर्य म्हणून त्याचे कौतुक करणे सोपे आहे. पण ती निरुपायाची भाषा होती. मला ज्या विश्रांतीचा कंटाळा येतो, ते औषध त्याला परवडत नाही. या विचाराने माझे सांधे सैल होत नाहीत, परंतु तक्रारीचा स्वर मात्र आपोआप खाली येतो.

काल उभ्या सायकलीचे चाक फिरवून मी ब्रेक दाबून पाहिले. उजव्या हाताने चाक थांबवले. डावा हात अजून विचार करीत आहे.