साखरेचे बारा किलो

२४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांचा लॉकडाऊन जाहीर केला आणि भाषण पुरते संपायच्या आत आम्ही घरात पिशव्या शोधू लागलो. किराणा, दूध, औषधे बंद होणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक होते. तरी कोपऱ्यावरच्या दुकानापुढची गर्दी पाहिली आणि पाय तिकडेच वळले. पंधरा दिवसांचा शिधा घरात असताना तीस किलो कणीक, बारा किलो साखर आणि तेलाचे दोन डबे आणले. महिन्याभरावर रमजान आलाय, अशी एकमेकांची समजूत घातली.

अम्मींनी बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेला, रांगेत उभे राहून मिलो आणून खाल्लेला. त्यांनी डबे पाहिले आणि एवढेच विचारले, "शेजारच्या खालांनी काय आणलं?"

आम्हाला माहीत नव्हते.

खरे तर आधीच अक्कल यायला हवी होती. नोव्हेंबर २०१६मध्ये, नोटाबंदीच्या तिसऱ्या दिवशी मीठ संपल्याची अफवा उत्तरेत उठली आणि एवढा समुद्रकिनारा असलेल्या आपल्या राज्यापर्यंत पोचली. तेव्हा आम्ही वर्गात मुलांसमोर त्या लोकांना हसलो होतो. रांगेत स्वतः उभे राहिल्यावर कळले की त्यात सगळेच काही मूर्ख नसतात. अफवा आपल्याला खोटी वाटली, तरी दुसरे तिला खरी मानून माल उचलतील आणि आपल्याला उरणार नाही, हा हिशोब एकेकट्याचा बरोबरच असतो. पण वाणी आठवड्यापुरताच माल भरतो. गल्लीत चाळीस घरे, घरटी महिन्याला चार किलो साखर धरा. म्हणजे आठवड्याला चाळीस किलो. बारा-बारा किलो नेणारी चार घरे निघाली की पोते संपले. पाचव्याला रिकामे पोते दिसते आणि अफवा खरी ठरते. सहावीच्या मुलालाही जमेल असे गणित! शिवाय, काहीच आपल्या हातात नसते तेव्हा पिशवीचे वजन धीर देते, हेही खरे.

भाव वाढावा म्हणून धान्य दाबून ठेवणे म्हणजे एहतिकार. तो गुनाह आहे, हे आम्ही जाणत होतो. पण आम्हाला कुठे विकायचे होते? असे म्हणून आम्ही स्वतःला सोडवून घेतले.

खालांचा मुलगा रोजंदारीवर. त्या रात्री त्यांच्या घरात पैसेच नव्हते. शनिवारी मुकादमाने थकलेली मजुरी दिली, तेव्हा दुकानात साखर नव्हती. खाला दाराशी आल्या. "बाजी, पावभर साखर असेल का?"

आमच्या तोंडून निघून गेले, "आमच्याकडेही थोडीच आहे, खाला."

त्या "बरं" म्हणून गेल्या. आत अम्मींनी ऐकले होते. त्यांनी मोठा डबा उघडला, पातेले भरले, ओढणी सावरली आणि स्वतः शेजारी देऊन आल्या. रात्रीपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत उरलेल्या कणकेला जाळी धरली. आम्ही अंगणात चाळायला बसलो, तर खाला आपली चाळणी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. साखरेचा विषय त्यांनी काढला नाही. आम्हीही नाही.