घरचा व्यायाम

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी आमच्या वाढत्या वजनाविषयी व रक्तदाबाविषयी इशारा दिला, तेव्हा त्यांच्याच सल्ल्याने आम्ही घरी व्यायामास आरंभ केला. त्यास ना तालीम लागली, ना उपकरणे. एक सतरंजी व पहाटेची दहा मिनिटे पुरली. प्रथम जागच्या जागी चालणे, मग बैठका, नंतर भिंतीस हात टेकून जोर. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. तेथवर आम्ही हळूहळू पोहोचलो. केवळ व्यायामाने वजन झपाट्याने उतरत नाही. ताटातील तूपसाखरही आवरावी लागते. तथापि काटा हलण्याआधीच जिन्यावरील धाप कमी होते, हा आमचा अनुभव. देह ही देवाने सोपविलेली ठेव आहे. विद्यार्थिमित्रहो, उद्या पहाटे आपल्या आईवडिलांसही सतरंजीवर बोलवा!