पावसात एक दिवस, तीन देश

नोव्हेंबरमधला शनिवार. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि नुंगंबाक्कमच्या आमच्या गल्लीत घोटाभर पाणी होतं. अशा सकाळी मी विचारलं, "आज पाँडिचेरीला जाऊन यायचं का?" नवऱ्यानं आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडं. सासूबाई मात्र लगेच उठल्या. "पावसाक कित्याक भियाचा?" म्हणाल्या. त्या सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या. वय अठ्ठ्याहत्तर. दिवाळीला आमच्याकडं आल्या होत्या.

महाराष्ट्रातला पाऊस परतला की चेन्नईचा सुरू होतो. इथं वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. हा पाऊस मोजणारं हवामान खातं आमच्या शेजारीच आहे, कॉलेज रोडवर. त्याच आवारात १७९२ साली मद्रास वेधशाळा उभी राहिली. एके काळी देशातल्या आगगाड्या तिथल्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे 'मद्रास वेळे'नुसार धावत. तेव्हा शेजारधर्म पाळून आम्ही आधी खात्याचा अंदाज पाहिला. नारिंगी किंवा लाल इशारा असता तर निघालोच नसतो. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळच किनाऱ्यावर आदळलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवशी इशारा नव्हता. डब्यात इडली-पोडी आणि थर्मासमध्ये कॉफी घेऊन निघालो.

चौथीतल्या लेकाला मी सांगितलं होतं, "आज आपण तीन देश बघणार." त्यानं लगेच एका वहीचा पासपोर्ट केला. मी काही थाप मारली नव्हती. अडीचशे वर्षांपूर्वी या एकाच किनाऱ्यावर इंग्रज, डच आणि फ्रेंच एकमेकांचे शेजारी होते. पहिला देश तर घराजवळचाच. १६३९ साली इंग्रजांनी इथं जमीन मिळवली आणि सेंट जॉर्ज किल्ला बांधला. त्याच्याभोवती मद्रास वाढलं. वहीत पहिला शिक्का पडला.

ईस्ट कोस्ट रोडनं दक्षिणेला निघालं की डावीकडं समुद्र मधूनमधून दिसत राहतो. त्या दिवशी तो राखाडी होता. महाबलीपुरमला एरवी गाडी लावायला जागा मिळत नाही. आज शहाळीवाला एकटाच छत्रीखाली बसला होता. कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राजवळ सद्रास आहे, चेन्नईपासून सुमारे ७० किलोमीटरवर. इथला विटांचा किल्ला डचांचा. तलम कापडाच्या व्यापारासाठी ते इथं आले होते. १७८१ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि १८२४ च्या तहात डचांनी भारतातली आपली ठाणी कायमची सोडली. आत डच थडगी आहेत. पावसानं धुतल्यामुळं दगडावरची कोरीव अक्षरं स्पष्ट दिसत होती. सासूबाईंनी हात जोडले. "खंयची पोरां, खंय येऊन मेली," एवढंच म्हणाल्या. दुसरा शिक्का.

मरक्काणमची मिठागरं पाण्याखाली गेली होती. तिथून पुढं थोड्याच वेळात रस्त्याकडेला दारूची दुकानं दिसू लागली, एकाला लागून एक. नवरा म्हणाला, "आलं पुदुच्चेरी." आम्ही हसलो. बांद्याहून गोव्यात शिरताना अगदी असंच होतं.

सासूबाई हसल्या नाहीत. काच खाली करून त्या बाहेर बघत होत्या. "नाको खंय आसा गो?" त्यांनी मला विचारलं. मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं.

त्यांची थोरली बहीण पेडण्याला दिली होती. बांद्यापासून आज अर्ध्या तासाचा रस्ता, पण तेव्हा पेडणं पोर्तुगिजांचं. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर सीमा बंद झाली. पुढच्याच महिन्यात बहिणीला मुलगी झाली. त्यांच्या आईनं डिंकाचे लाडू केले, दुपटी शिवली, पण पलीकडं न्यायचं कसं? लाडू घरातच संपले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा आजीनं नात पहिल्यांदा पाहिली. नात सहा वर्षांची होती आणि परकी बाई बघून आईमागं लपली. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुदुच्चेरीची सीमा वेगळ्या रीतीनं मिटली. १८ ऑक्टोबर १९५४ ला किळूर गावात १७८ लोकप्रतिनिधींनी मतदान केलं. १७० जणांनी भारताच्या बाजूनं कौल दिला. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडं आला आणि १६ ऑगस्ट १९६२ ला कागदोपत्री विलीनीकरणही पुरं झालं. त्याआधी इथंही जकात नाके होते.

शहरात पाऊस रिमझिमत होता. मोहरीच्या रंगाच्या भिंती ओल्या झाल्या की जास्तच पिवळ्या दिसतात. बोगनवेलीची फुलं रस्त्यावर सांडली होती. फ्रेंच आणि तमिळ वस्ती वेगळी करणारा कालवा तुडुंब होता. आम्ही एका बेकरीत गरम पाव खाल्ला, मग समुद्राकाठी गांधीजींच्या पुतळ्यापाशी गेलो. पोलिसांची लाल टोपी बघून लेक खूश झाला. त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जवळचा जिंजीचा किल्ला घेतला, तेव्हा इथल्या फ्रेंचांना वखार चालू ठेवण्यासाठी महाराजांची परवानगी मागावी लागली होती. "म्हणजे त्यांचा शिक्का आपल्याकडं होता!" असं म्हणून त्यानं तिसरा शिक्का जरा मोठाच काढला.

तुम्हालाही जायचं असेल तर हवामानाचा इशारा बघा, लवकर निघा, अंधाराआधी परता आणि खवळलेल्या समुद्रात पाय घालू नका. गर्दी नसते, घाई नसते. घरातलं मोठं माणूस सोबत असेल तर गाडीत त्यांना खिडकीची जागा द्या.

परत निघण्याआधी सासूबाईंनी माझा फोन मागितला. पेडण्याला भाचीला व्हिडिओ कॉल लावला, तीच लाडवांची भाची. आता तिलाही नातवंडं आहेत.

"खंय आसस गो मावशे?" तिकडून आवाज आला.

"परदेशात!" सासूबाईंनी फोन समुद्राकडं फिरवला. "तीन देश फिरलंय. पासपोर्ट खंयच लागलो नाय."