'धर्मयुद्ध' की 'क्रुसाची मोहीम'?

काही वर्षांपूर्वी अनुवादाच्या एका अंतर्गत चाचणीत इंग्रजी उतारा दिला होता. त्यातल्या 'क्रुसेड' या शब्दासाठी एका विद्यार्थिनीने 'क्रुसाची मोहीम' असे लिहिले. आम्ही दोघे मिळून उत्तरपत्रिका तपासत होतो. त्या शब्दांखाली आम्ही तांबडी रेघ ओढली, समासात 'धर्मयुद्ध' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती विभागात आली. "सर, धर्मयुद्धात निःशस्त्रावर वार करत नाहीत ना? मग हे धर्मयुद्ध कसे?" आम्ही म्हणालो, "रूढ प्रतिशब्द तोच आहे." ती निमूटपणे निघून गेली. तिचा प्रश्न मात्र आमच्या टेबलावरून काही हलला नाही.

मुळात 'क्रुसेड' हा शब्द त्या लढायांइतका जुना नाही. १०९५ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप दुसरा अर्बन याने पूर्वेकडे कूच करण्याचे आवाहन केले, तेव्हा या उद्योगाला स्वतंत्र नावच नव्हते. त्या काळचे लॅटिन लेखक त्याला 'प्रवास' किंवा 'तीर्थयात्रा' म्हणत. निघालेल्यांनी वस्त्रांवर कापडी क्रूस शिवून घेतले होते. पुढे 'क्रुसाची खूण धारण केलेले' अशी त्यांची ओळख झाली आणि त्या खुणेवरून फ्रेंच व स्पॅनिश भाषांत मोहिमेचे नाव तयार झाले. इंग्रजीत 'क्रुसेड' हे रूप स्थिरावले ते थेट अठराव्या शतकात. मराठी बायबलातला 'क्रूस' आणि या शब्दातला क्रूस यांचे मूळ एकच, लॅटिन 'क्रुक्स'. म्हणजे त्या मुलीचा अनुवाद व्युत्पत्तीच्या दृष्टीने आमच्या दुरुस्तीपेक्षा अचूक होता.

ज्यांच्यावर ही स्वारी आली, त्यांनी तिला क्रुसाचे नाव दिले नाही. समकालीन अरबी बखरकारांच्या लेखी आलेले लोक केवळ 'फ्रँक', म्हणजे त्यांच्या उच्चारात 'फिरंज', होते. हाच शब्द फारसीतून आपल्याकडे 'फिरंगी' होऊन आला आणि पोर्तुगिजांना चिकटला. 'क्रुसाची युद्धे' अशा अर्थाचा अरबी शब्दप्रयोग रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात, युरोपीय इतिहासलेखनाच्या संपर्कातून.

आता 'धर्मयुद्ध' पाहू. भीष्मपर्वात युद्धाला तोंड लागण्यापूर्वी दोन्ही पक्ष नियम ठरवतात. रथीने रथ्याशी लढावे, पळणाऱ्यावर, शस्त्र गळालेल्यावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर प्रहार करू नये, सारथी आणि शंख-भेरी वाजवणारे यांना मारू नये. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही अशीच बंधने आहेत. इथे 'धर्म' हा शब्द युद्ध कोणासाठी हे सांगत नाही, युद्ध कसे हे सांगतो. पुढे हे नियम मोडले जातात आणि महाभारत ते लपवत नाही. भीमाने दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा घातली, तेव्हा बलराम नांगर उचलून त्याच्यावर धावून जातो. जिंकणारा पक्ष आपला असला तरी नियमभंग हा नियमभंगच, हे सांगण्याची हिंमत त्या ग्रंथात आहे.

एकोणिसाव्या शतकात 'रिलिजन'ला प्रतिशब्द म्हणून 'धर्म' रुळला आणि 'धर्मयुद्ध' या समासाचा विग्रह गुपचूप बदलला. 'धर्माने केलेले युद्ध' होते, ते 'धर्मासाठी केलेले युद्ध' झाले. व्याकरणाच्या तासाला आपण तृतीया तत्पुरुष आणि चतुर्थी तत्पुरुष यांतला फरक फळ्यावर शिकवतो, पण इथे विभक्ती बदलताच मर्यादेचा परवाना होतो. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या नगरांत ज्यूंची कत्तल झाली. १०९९ च्या जुलैत जेरुसलेम पडल्यावर तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची झाली. १२०४ मध्ये तर क्रूसधाऱ्यांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. या साऱ्याला भीष्मपर्वातला शब्द द्यायचा, म्हणजे त्या शब्दाची पुण्याई उसनी द्यायची. त्याहून मोठे नुकसान उलट दिशेने होते. आपल्याच शब्दात तो परका अर्थ मुरतो आणि व्यासपीठावरून कोणी 'धर्मयुद्ध' पुकारले, की नियम कोणते हे विचारायचे आपल्याला सुचेनासे होते.

जुना अर्थ पुरता हरवला होता असेही नाही. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना सत्याग्रहाला धर्मयुद्ध म्हटले, ते त्यात गुप्तता, कपट आणि असत्य यांना जागा नसते म्हणून. साधनांवरची बंधने हाच तिथेही शब्दाचा गाभा आहे.

इंग्रजीत 'क्रुसेड' पुढे बराच सौम्य झाला. १७८६ मध्ये थॉमस जेफरसनने एका पत्रात अज्ञानाविरुद्ध क्रुसेड पुकारण्याचा आग्रह धरला. समाजसुधारणेच्या हिरिरीच्या कामांना तो शब्द सर्रास लागू लागला. पण शब्दाची झोप सावध असते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या युद्धाला 'क्रुसेड' म्हटले आणि नऊ शतकांपूर्वीचा अर्थ जागा झाला. टीका इतकी झाली, की व्हाइट हाउसला खेद व्यक्त करावा लागला.

अशा सौम्य अर्थासाठी मराठीत 'मोहीम' आहेच, साक्षरतेची, लसीकरणाची, स्वच्छतेची. हाही शब्द एके काळी लष्करीच होता. तो ज्या अरबी शब्दावरून आला, त्याचा अर्थ मात्र 'महत्त्वाचे', आणि त्याच धातूपासून काळजी, चिंता या अर्थाचा शब्दही होतो. मोहिमेच्या मुळाशी काळजी आहे, हे आम्हाला त्या मुलीच्या उत्तराचा माग काढतानाच कळले.

'धर्मयुद्ध' हा प्रतिशब्द आता पुस्तकांतून पुसता येणार नाही, तसा आमचा आग्रहही नाही. मात्र आता तो शिकवताना आम्ही आधी समासाचा विग्रह विचारतो. ज्या विद्यार्थिनीने हे आम्हाला शिकवले, ती केव्हाच महाविद्यालय सोडून गेली. तिचा अर्धा गुण आमच्याकडे देणे आहे.